दोन फोंडे, एक फंडा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर ऑफिसात दोनच प्रकारची माणसं सापडतात. एक, ज्यांच्या डोक्यावर डेडलाइन आहे ती. दुसरी, ज्यांचा लाँग वीकेंडचा प्लॅन अजून ठरायचाय ती. मी त्या दिवशी तिसऱ्याच प्रकारात होतो. प्लॅन ठरलेला, बॅग डेस्कखाली, रात्रीच्या बसचं तिकीट मोबाइलमध्ये.

"कुठे चाललास रे?" शेजारच्या क्युबिकलमधून डोकं वर आलं.

"फोंड्याला."

"वॉव! गोवा! आणि आम्हाला साधं विचारलं पण नाहीस?"

झालं! पुढची दहा मिनिटं मी व्हाइटबोर्डवर नकाशा काढून समजावत होतो, की बाबांनो, या जगात फोंडे दोन आहेत. एक गोव्यातला. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा या देवळांचा, शिवाजी महाराजांनी १६७५ साली जिंकलेल्या किल्ल्याचा. आणि दुसरा माझा. फोंडाघाट. तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत बस घाट उतरली की पायथ्याशी जे पहिलं मोठं गाव लागतं, ते.

"म्हणजे गोव्याच्या अलीकडे ना?"

बरोब्बर! गोव्याच्या अलीकडे. आमच्या अख्ख्या जिल्ह्याची ओळख या दोन शब्दांत संपते. लोक आमच्याकडे येत नाहीत, आमच्याकडून जातात. गाडी थांबवतात, चहा पितात, "अजून किती राहिलं?" विचारतात आणि पुढे सटकतात.

पण या खेपेला मी आंबे खायला चाललो नव्हतो. सही करायला चाललो होतो. किंवा न करायला.

पांढरी गाडी आणि सातबारा

त्याचं असं झालं. फोंड्याच्या जरा बाहेर, घाटाच्या बाजूला आमची काजूची बाग आहे. बाग म्हणजे फार काही नाही, तीनेक एकर. सातबाऱ्यावर काकांचं नाव आहे आणि बाबा गेल्यापासून त्याखाली माझंही. गेल्या महिन्यात तिथे एक पांढरी एसयूव्ही येऊन थांबली. त्यातून एक एजंट उतरला. पार्टी दिल्लीची, म्हणाला. व्ह्यू आवडलाय, म्हणाला. आणि मग त्याने एक आकडा सांगितला. तो ऐकून काकांनी म्हणे कानातलं मशीन काढलं, पुसलं, परत बसवलं आणि म्हणाले, "परत सांग बघू."

माझ्या चुलतभावाचा फोन त्याच रात्री आला. हा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. डिप्लोमा केला, दोन वर्षं कणकवलीत नोकरी शोधली आणि शेवटी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लागला. कुंडई कुठल्या तालुक्यात? फोंडा! म्हणजे आमच्या फोंड्याचा पोरगा तिकडच्या फोंड्यात नोकरीला. मध्ये अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. महिन्यातून एकदा बाइकवरून घरी येतो, रविवारी रात्री परत.

"दादा, विकून टाकूया. सगळेच विकतायत."

मी काय म्हणालो असेन? तुम्ही पुण्या-मुंबईत ईएमआय भरत बसलेले असाल, तर तुम्हीही तेच म्हणाला असता. "वेडा आहेस का? वडिलोपार्जित जमीन आहे!" फोन ठेवल्यावर मला एकदम छान वाटलं. एसीत बसून कोकण वाचवल्याचं समाधान काही औरच असतं.

मग मात्र एक प्रश्न डोक्यात घुसला तो निघेना. तीच लाल माती, तोच पाऊस, तेच फणस, तीच माशाची आमटी. मग एका फोंड्यात नोकऱ्या आणि दुसऱ्या फोंड्यात नोकरीला गेलेल्यांची घरं, असं का?

एकच माती, दोन हिशेब

आकडेवारी म्हटलं की आपण पान उलटतो, मला माहीत आहे. पण ही दोन मिनिटं सहन करा, कारण ही गोष्ट एखाद्या सिरियलपेक्षा कमी नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. गोवा राज्याचं ३,७०२. म्हणजे आमचा एक जिल्हा त्या अख्ख्या राज्यापेक्षा मोठा! आता माणसं मोजू. २०११ च्या जनगणनेत गोव्यात १४ लाख ५८ हजार माणसं होती, सिंधुदुर्गात ८ लाख ४९ हजार. त्याआधीच्या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या आठ टक्क्यांहून जास्त वाढली. आमची? दोन टक्क्यांहून जास्त घटली. अख्खा देश वाढत होता तेव्हा आम्ही कमी होत होतो.

आणखी एक आकडा. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका. वरवर बघितलं तर टाळ्या वाजवाव्यात असा. पण माझ्या आजीला हा आकडा दाखवला असता, तर ती म्हणाली असती, यात काय नवल, बापये सगळे मुंबैत! गोव्यात हेच प्रमाण ९७३ होतं. तिकडे माणसं कामाला येतात, इकडून जातात. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे माझ्या चुलतभावाची बाइक.

आणि अडाणी म्हणून मागे राहिलो, असंही नाही. त्याच जनगणनेत आमची साक्षरता ८५ टक्क्यांच्या पुढे होती, गोव्याची ८८ च्या पुढे. फार काही अंतर नाही. पण गोव्यात शंभरातली ६२ माणसं शहरी भागात राहत होती, आमच्याकडे जेमतेम १२-१३. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या पहिल्या दोन-तीन राज्यांत असतो. आणि आम्ही? आम्ही मनीऑर्डरवाले. गिरणीतून पैसे येणार, त्यावर गणपती होणार, घर शाकारलं जाणार. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. जिल्हा जेमतेम आठ महिन्यांचा, तेवढ्यात ज्या शहराच्या जिवावर घरं चालायची, तिथलीच चूल विझली.

मोक्याची जागा म्हणजे काय रे भाऊ?

कोणी म्हणेल, गोव्याची जागाच मोक्याची. बंदर आहे, समुद्र आहे.

मग आमची जागा काय बिनमोक्याची? फोंडाघाटचंच घ्या. देवगड-निपाणी रस्त्यावरचं हे गाव. देशावरून गूळ, धान्य, मिरची खाली यायची आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, ती याच वाटेने. खाली विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरांची रांगच. वेंगुर्ल्याला तर सतराव्या शतकात डच येऊन वखार घालून बसले होते. पुढे मुंबई-गोवा आगबोटी या बंदरांना लागत लागत जायच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला त्या बंद झाल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. गाड्या सुसाट, पण बऱ्याचशा आमच्या स्टेशनांवरून शिट्टी वाजवत पुढे.

जमिनीखालीही तेच. गोव्याने ज्या लोहखनिजावर पैसा केला, ते खनिज काही हद्दीवर थांबत नाही. आमच्या रेडीलाही आहे.

मोक्याच्या जागेचा फंडा क्लिअर करायचा असेल तर जरा लांब जाऊ. ज्या अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानेच १५११ मध्ये मलाक्का घेतलं. पूर्वेकडचा सगळा व्यापार ज्या सामुद्रधुनीतून जायचा, तिच्या काठावर. मोक्याची जागा म्हणजे याहून मोक्याची नाही. आज त्या सामुद्रधुनीवर नाव कोणाचं? सिंगापूरचं! १९६५ मध्ये मलेशियातून वेगळं झालेलं, आमच्या सिंधुदुर्गाच्या साधारण एक सप्तमांश आकाराचं. मलाक्का हे मलेशियातलं एक छोटं राज्य, लोक जुनी चर्चं बघायला जातात. पाणी तेच, जहाजं तीच. मग फरक कशाने पडला? बऱ्याच गोष्टींनी, पण त्यातली एक मोठी अशी, की सिंगापूर स्वतःच्या बंदराबद्दलचे निर्णय स्वतः घेऊ शकत होतं.

आता याच चष्म्यातून परत गोव्याकडे बघा.

सतरा हजार माणसांची गोष्ट

हे तुम्हाला शाळेत शिकवलं होतं का? मला तरी आठवत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधीची वर्षं तिकडची वेगळीच. १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तर पोर्तुगिजांनी परदेशी माल आणायला मोकळीक दिली आणि खाणींतलं खनिज बोटी भरभरून जपानला जायला लागलं. आपल्याकडे परदेशी घड्याळ म्हणजे स्वप्न होतं, तेव्हा तिकडे ते दुकानात मिळायचं. सावंतवाडीकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, हद्द ओलांडून काय काय यायचं ते. हसतील फक्त, सांगणार नाहीत.

मुक्तीनंतर प्रश्न आला, या एवढ्याशा प्रदेशाचं करायचं काय? महाराष्ट्रात विलीन करायचा, की केंद्रशासित ठेवायचा? खुद्द मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचे. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाला निशाणी फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे नुसत्या सतरा हजार आणि काही माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता, तर? तर गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा झाला असता. आमच्या शेजारचा, आमच्यासारखाच.

विचार करून बघा. पणजी हे जिल्ह्याचं ठिकाण, आणि प्रत्येक फाइल मुंबईच्या मंत्रालयात. तसं झालं असतं तर हा गोवा हाच गोवा झाला असता का?

मला गोव्याचं विलीनीकरण व्हायला हवं होतं की नको होतं, या वादात पडायचं नाही. त्यात भाषेचा, अस्मितेचा, घरादाराचा प्रश्न होता आणि तो तिथल्या माणसांनी सोडवला. मी फक्त हिशेब मांडतोय. आधी केंद्रशासित प्रदेश म्हणून आणि मग ३० मे १९८७ पासून राज्य म्हणून, गोव्याकडे स्वतःचं बजेट आलं, स्वतःचे कर आले, स्वतःचं मंत्रिमंडळ आलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष गोव्यात विश्रांतीला आले, त्याच दशकात परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं सुरू झाली. आणि २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा टाकी भरायला हद्दीपलीकडे जाणाऱ्या आमच्याकडच्या गाड्या आठवतायत ना? तो निर्णय घ्यायला पणजीत एक बैठक पुरली.

आता चाळीस आणि तीन हे दोन आकडे लक्षात ठेवा. गोवा विधानसभेत ४० आमदार. सिंधुदुर्गातून महाराष्ट्र विधानसभेत जातात ३. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, संपलं. तेही २८८ मधले तीन. २०११ च्या लोकसंख्येने भागाकार केला तर गोव्यात साधारण ३६ हजार माणसांमागे एक आमदार, आमच्याकडे २ लाख ८३ हजारांमागे एक. खासदार तर आम्ही रत्नागिरीबरोबर शेअर करतो, हॉस्टेलच्या रूमसारखा.

३६ हजार माणसांचा आमदार तुमच्या गल्लीत राहतो. त्याला तुमचं नाव माहीत असतं, तुमच्या काकांचं दुखणं माहीत असतं. तो कामं चांगली करतो की वाईट, हा वेगळा विषय. पण तो हाताशी असतो.

बोंडूचं काय झालं?

हा सगळा इतिहास तुम्हाला जड वाटत असेल तर एक सोपी गोष्ट सांगतो. शनिवारी सकाळी मी बागेत उभा होतो. काजूची बी काढून घेतल्यावर खाली जो पिवळा-लाल बोंडू उरतो, त्याचा झाडाखाली सडा पडला होता. सगळीकडे तो गोड-तुरट, आंबूस वास. आमच्याकडे बोंडू पिढ्यान् पिढ्या असाच झाडाखाली कुजत आलाय.

हाच बोंडू हद्दीपलीकडे गेला की त्याची फेणी होते. तिथे भट्टीला परवाना मिळतो, सीझनला अख्खं घर त्यात गुंततं, बाटलीवर लेबल लागतं. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या काकांनी हौसेने भट्टी लावली असती तर लेबल नाही, पोलीस आले असते.

आणि गंमत बघा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती नावाजलेल्या. म्हणजे झाडाचं डोकं आमचं, फळ दोघांचं, पण त्या फळाच्या अर्ध्या भागाचं पीक होतं की कचरा, हे ठरवणारा कायदा वेगवेगळा. तीच माती म्हणून मी आधी म्हणालो ना, ते अर्धसत्य आहे. माती तीच असते, पण मातीत उगवलेल्याचं काय करायचं हे कुठेतरी दुसरीकडेच ठरतं.

आमच्या बाजूचं बोलायचं तर हापूस आहे. नावच त्या अफोन्सोवरून आलेलं, कलमं बांधायची विद्या पोर्तुगिजांची, असं सांगतात. पण आज हापूस म्हटल्यावर तुम्हाला कोणतं गाव आठवतं? देवगड! म्हणजे जमत नाही असं नाही. जिथे बागायतदाराच्या हातात गोष्ट राहिली, तिथे जमलं.

बाकी गोष्टींत मात्र आम्ही घोषणांवर खूश. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्याची विमानसेवा अडखळत राहिली. तेवढ्यात जानेवारी २०२३ मध्ये आमच्या बांद्यापासून थोड्याच अंतरावर, पण गोव्याच्या हद्दीत, मोपाचा विमानतळ सुरू झाला. नागपूरकडून येणाऱ्या ज्या शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापुरात शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, त्याच्या आखणीतलं शेवटचं गाव कोणतं? पत्रादेवी. गोव्याची वेस! परत आम्ही अलीकडेच.

आणि गंभीर आजार झाला तर? आमच्याकडचा पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेतात, वर्षानुवर्षं. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन झालं. खरं सांगायचं तर त्यात गोव्याचं काय चुकलं? त्यांच्या तिजोरीतून त्यांनी त्यांच्या माणसांचा विचार केला. प्रश्न असा होता, की आमचा विचार करणारी तिजोरी कुठे होती? ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं ते त्यानंतर.

"तुका परवडता!"

एव्हाना तुम्हाला वाटत असेल, की हा आता म्हणणार, सिंधुदुर्गाचा गोवा करा. मलाही बसमध्ये तसंच वाटत होतं. शनिवारी रात्री अंगणात बसलो तेव्हा चुलतभावानेच ते भूत उतरवलं.

तो रोज तिथे राहतो. मी गोवा बघितला तो शॅकमधून, त्याने बघितला शिफ्टमधून. त्याने सांगितलं, की २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत थांबल्या, त्यात कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं कशी बसली. त्याच्या गोव्यातल्या घरमालकाने शेत विकून बंगला बांधला आणि त्याचा मुलगा आता इंग्लंडमध्ये, स्विंडनला. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, म्हणून पासपोर्ट मिळाला. मी हिशेब लावला. फोंडाघाटचा पोरगा कुंडईला आणि कुंडईचा पोरगा स्विंडनला! प्रत्येकाच्या पलीकडे कुठला तरी गोवा आहे.

"मग तरी तू विकायची म्हणतोस?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा तो एकदम घरच्या भाषेवर आला.

"दादा, तुका पगार पुण्यात गावता, म्हणान तुका जमीन ठेवूक परवडता. माका परवडणा नाय."

मी गप्प. काय बोलणार? वर्षातून दोनदा येणारा मी. एकदा गणपतीला, एकदा आंब्याला. पावसात गडगा कोसळला तो काकांनी उचलला. वणवा लागला तेव्हा धावला तो. आणि सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून "विकायची नाही" हा निकाल मी पुण्यातून फोनवर दिला होता. दीड मिनिटात. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, कॉफी मशीनच्या शेजारी.

मंडळी, तेव्हा ट्यूब पेटली. मघापासून मी ज्याला शिव्या घालत होतो, लांब बसून दुसऱ्याच्या मातीचे निर्णय घेणारं ते मंत्रालय, ते आमच्या घरात मीच होतो! २८८ मधल्या तीन जणांसारखा माझा भाऊ आपलं म्हणणं मांडत होता आणि फाइल माझ्या टेबलावर अडकली होती.

काका इतका वेळ काहीच बोलले नव्हते. सुपारी कातरत म्हणाले, "ही कलमां बापाशीन लावली, पाणी मिया घातलंय. आता तुमी दोघा काय ता ठरवा."

"दोघं नाही," मी म्हणालो. "तुम्ही दोघं ठरवा. इथे राहणारे तुम्ही. विकायची म्हणालात तर सही करतो. नाही म्हणालात तर परत कधी तोंड उघडणार नाही."

मला वाटलं होतं, भाऊ खूश होईल. पण खांद्यावर एकदम ओझं आल्यासारखा तो बराच वेळ नुसता बसून राहिला. रातकिडे किरकिरत होते. घाटातून एक ट्रक गिअर बदलत खाली येत होता, त्याचा दिवा वळणावळणाला दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

फुकटचं मत

रविवारी सकाळी चहाच्या वेळी तो वही घेऊन आला. वहीत चक्क हिशेब! आपल्या बागेतली बी आपण व्यापाऱ्याला कच्ची विकतो, ती इथेच वाफवून, फोडून, सोलून काजूगर विकला तर किती सुटतात. आजूबाजूच्या चार बागांची बी घेतली तर किती. बोंडूचं सरबत करता येईल का. शेड किती फुटांची लागेल, मशीन कुठलं, बँक किती देईल. रात्रभर झोपला नव्हता बहुतेक. काल "विकून टाकूया" म्हणणारा हाच का तो? मला वाटतं, विकायची घाई त्याला पैशाची नव्हती. आपल्या हातात काहीच नाही याची होती.

मी उत्साहात म्हणालो, "अरे सही आहे! कर की!"

त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

"इकूची नाय तर नाय. पण शेडीक आणि मशिनीक पैसे लागतले. तू किती घालतंस?"

मंडळी, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलं म्हणून सांगू! फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, डिसेंबरचं व्हिएतनाम. कोकण वाचवायचं माझं मत इतकी वर्षं किती ठाम होतं! ठाम असणारच. ते फुकट होतं ना.

व्हिएतनाम रद्द झालंय. आकडा सांगत नाही, बायकोलाही अजून अर्धाच सांगितलाय. एजंटला काकांनी "वर्षभरान ये" असं सांगून परत पाठवलं. वर्षाने काय होईल? शेड उभी राहील किंवा नाही. भाऊ कुंडईची नोकरी सोडेल किंवा नाही. धंदा बुडाला तर जमीन विकूही, आणि तेव्हा मी खरंच सही करेन. पण ते तिथेच ठरेल, अंगणात.

सोमवारी ऑफिसात पोचलो तर शेजारच्या क्युबिकलमधून डोकं परत वर आलं.

"काय मग, कसा होता गोवा?"

"अलीकडेच होता," मी म्हणालो. "तिथेच थांबलो."